व्यासपीठावरून वाळूवर: मुंबईत उपदेशाच्या जागा बघत फिरताना

शनिवार, फोर्ट

नगरहून रात्रीची एसटी, पहाटे दादर, तिथून लोकलने बोरिवलीला आत्याकडे, अंघोळ चहा पोहे आणि लगेच ताईला घेऊन परत चर्चगेट लोकल. ताई म्हणजे माझी आतेबहीण, तिने ऑफिसात सुट्टी टाकली होती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला संघाच्या उपासनेला संदेश म्हणजे उपदेश द्यायला मी बऱ्याचदा उभी राहते, त्यामुळे गेली काही वर्षं उपदेशाचा इतिहास हा विषय डोक्यात घर करून बसलाय. कोण बोलायचं, कुठे उभं राहून बोलायचं, कोणत्या भाषेत आणि मुख्य म्हणजे समोर कोण असायचं. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या खुणा गल्लोगल्ली सापडतात पण मिशनची सुरुवात मुंबईची, आणि मुंबईत या जागा अजून आहेत, मग नुसतं वाचत बसण्यापेक्षा पायी फिरून बघू म्हटलं.

पहिलं सेंट थॉमस कॅथेड्रल. हॉर्निमन सर्कलच्या बाजूला, आत शिरलं की फोर्टचा सगळा आवाज मागे राहतो. भिंतीभर संगमरवरी स्मारकं, कोण कुठल्या लढाईत गेला, कोण तापाने गेला, विशीतली पोरं कितीतरी. पण मी आले होते ती या इमारतीमागच्या एका उपदेशासाठी. गव्हर्नर ऑन्जियरच्या काळात १६७० च्या दशकात इथे चर्चचा पाया घातला गेला, भिंती सुमारे १५ फुटांपर्यंत चढल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ ४० वर्षं तसंच. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना उरकायचे. १७१४ ला रिचर्ड कॉब नावाचे पाद्री आले, त्यांनी ते पडके अवशेष पाहिले आणि १७१५ च्या जूनमध्ये एका रविवारी गव्हर्नर एस्लबी समोर बसलेले असताना थेट चर्च बांधण्यावरच उपदेश केला. उपासना संपल्यावर गव्हर्नर म्हणाले, आज सकाळी तुम्ही चर्चसाठी फारच आवेशाने बोललात, तर कॉब म्हणाले की तशी गरजच होती. मग वर्गणी सुरू झाली आणि १७१८ च्या नाताळाच्या दिवशी हे चर्च उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून इकडे यायचा रस्ता होता तो चर्चगेट, आणि आम्ही सकाळी ज्या स्टेशनवर उतरलो त्याचं नावही तिथूनच. एका उपदेशातून उभी राहिलेली इमारत आणि तिच्यावरून पडलेलं नाव रोज लाखो लोक उच्चारतात, मला तर अंगावर काटा आला.

पण तिथल्या बाकावर बसून विचार करताना हेही जाणवलं की कॉब यांचे श्रोते सगळे आपलेच. तीच भाषा, तोच धर्म, तेच जेवण. त्या उपदेशाला बाहेरच्या मुंबईशी काही देणंघेणं नव्हतं. भिंतीपलीकडे मराठी, गुजराती, पोर्तुगीज बोलणारं गाव होतं आणि त्यांच्यापैकी कोणी ऐकत नव्हतं.

बाकांवरून आठवलं, सुरुवातीच्या मंडळीत श्रोत्यांना बसायला बाकंच नसायची. बोलणारा बसायचा आणि ऐकणारे उभे राहायचे. लूकच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ वाचतात, गुंडाळी परत देतात आणि खाली बसतात, आणि मगच बोलायला लागतात, कारण शिकवणाऱ्याने बसायचं हीच रीत होती. साधारण १५५ च्या सुमाराला रोममध्ये जस्टिन नावाच्या विश्वासणाऱ्याने सम्राटासाठी लिहून ठेवलंय की रविवारी शहरातले नि खेड्यातले सगळे एके ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, वाचणारा थांबला की पुढारी बोध करतो, मग सगळे उठून प्रार्थना करतात. आजही आमच्या नगरच्या उपासनेचा सांगाडा हाच आहे. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्या वर्षांत काहीच बदललं नाही? म्हटलं क्रम तोच आहे ग, बदललं ते समोरचं माणूस.

तिथून लायन गेटकडे सेंट अँड्र्यूज, स्कॉटिश लोकांचं चर्च, १८१९ साली उघडलेलं. आम्ही गेलो तेव्हा बंद होतं, बाहेरूनच बघितलं. स्कॉटिश परंपरेत सगळा भर वचन समजावून सांगण्यावर, वेदीपेक्षा पुलपिटाला, म्हणजे उपदेशाच्या उंच व्यासपीठाला, मान जास्त. युरोपात १६व्या १७व्या शतकात पुलपिटावर वाळूचं घड्याळ ठेवायची पद्धत होती, बोलणाऱ्यालाही कळावं आणि ऐकणाऱ्यालाही दिसावं.

दिवस संपवला तो कुलाब्याला रीगलच्या मागच्या बाजूला बोवेन मेमोरियल चर्चपाशी. जॉर्ज बोवेन हे माझ्या मनातलं फार जवळचं माणूस, त्यामुळे इथे जरा जास्त लिहिते. अमेरिकेतल्या व्हरमाँटचे, १८४८ ला मुंबईत आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मिशनचा पगार घेणं बंद केलं, कारण त्यांना वाटलं की बंगल्यात राहणाऱ्या साहेबाचं बोलणं बाजारातल्या माणसापर्यंत पोचत नाही. देशी वस्तीत एक साधी खोली घेऊन राहिले, शिकवण्या करून पोट भरलं आणि रोज रस्त्यावर उभं राहून मराठीत उपदेश केला. लोक हसायचे, वाद घालायचे, निघून जायचे. सुमारे ४० वर्षं हे चाललं, मायदेशी एकदाही परत गेले नाहीत, १८८८ ला इथेच वारले. आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या बोलण्यामुळे ख्रिस्ती झालेली माणसं अगदी मोजकी. आकडा बघणाऱ्याला हे अपयश वाटेल, मला नाही वाटत. ऐकणाऱ्याच्या शेजारी राहून बोलायचं म्हणजे काय हे मुंबईत कोणी करून दाखवलं असेल तर या माणसाने.

नंतर ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाबरोबर गेले, १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पंथाचे प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले तेव्हा. ते जुळलं यात नवल नाही, कारण मेथडिस्टांची परंपराच उघड्यावर बोलण्याची. १७३९ ला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलबाहेर जॉर्ज व्हाइटफील्ड कोळशाच्या खाणीतल्या मजुरांसमोर मैदानात उभे राहिले, चर्चमध्ये न येणाऱ्या माणसाकडे आपणच जायचं म्हणून, आणि त्यांच्या मागोमाग जॉन वेस्लीही, जे आधी चर्चच्या बाहेर उपदेश करणं जवळजवळ पापच समजत होते.

रविवार, भायखळा

सकाळची उपासना भायखळ्याच्या एका मराठी मंडळीत. सलाम सलाम म्हणत आत गेलो, नगरहून आलेय म्हटल्यावर तीन जणांनी तरी विचारलं की कोणाची तू. मुंबईतल्या अर्ध्या मराठी ख्रिस्ती घरांची मुळं नगर जिल्ह्यात, त्यामुळे पाहुणी वाटतच नाही.

संदेश पेरणाऱ्याच्या दाखल्यावर होता, मत्तय १३. पाळकसाहेबांच्या हातात छोटी वही, पानाच्या डाव्या बाजूला फक्त शब्द लिहिलेले, वाक्यं नाहीत, हे मला बाकावरून दिसत होतं कारण आम्ही पुढेच बसलो होतो. बोलता बोलता त्यांनी तुकोबांचा एक अभंग म्हटला, चालीत, आणि अख्ख्या मंडळीने शेवटचा चरण उचलला. माझ्या शेजारच्या आजींनी उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकाला प्लास्टिकचं कव्हर घालून वर रबर लावलेलं, ते रबर मनगटात अडकवून त्या टाळी धरत होत्या. उपदेशाच्या मध्यावर गाणं, आणि ऐकणाऱ्यांनी ते उचलणं. हे कॉब यांच्या चर्चमधून आलेलं नाही आणि स्कॉटलंडमधूनही नाही.

हे कुठून आलं ते शोधायला मागे जावं लागतं. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत जायचा हुकूम निघाला, गव्हर्नर नेपियन यांना हॉल यांनी विनवण्या करून पत्रं लिहिली आणि शेवटी राहायची परवानगी मिळाली, त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट करून दिली. हॉल यांनी मराठी शिकून रस्त्यावर, देवळांच्या आवारात, बाजारात बोलायला सुरुवात केली. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना पटकीची साथ चालू होती, जवळची औषधं आजाऱ्यांना वाटून टाकली आणि त्याच पटकीने ते गेले, एका देवळाच्या ओसरीवर. आमच्याकडे शब्बाथ शाळेत ही गोष्ट सांगतात, पण भायखळ्यात बसून ती आठवताना वेगळंच वाटलं.

तर हे पहिले लोक मराठीत बोलत होते, पण बोलायची पद्धत अमेरिकेतलीच, मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन, शेवटी आवाहन. ऐकणारा मात्र कीर्तनावर वाढलेला. त्याला नमन हवं, पूर्वरंगात एखादं तत्त्व उलगडून सांगितलेलं हवं, मधे भजन हवं, उत्तररंगात त्या तत्त्वावरचं आख्यान हवं, झांज हवी पेटी हवी, आणि त्याशिवाय तो तासभर मांडी घालून बसणार नाही. हे ओळखलं ते इथल्याच माणसांनी. नगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला आणि नारायण वामन टिळकांनी त्याला कवीचा हात लावला. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला इथेच मुंबईत झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगायचे. १९१९ च्या मे महिन्यात ते मुंबईतच वारले, जे.जे. हॉस्पिटलमध्ये, भायखळ्यापासून किती लांब, चालत जाता येईल एवढं.

माझ्या मते मराठी ख्रिस्ती उपदेशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. उपदेश मराठीत भाषांतर करून चालला नाही, त्याला ऐकणाऱ्याच्या सवयीपुढे मान झुकवावी लागली आणि तसं केल्यावरच तो आपला झाला.

उपासनेनंतर चहा बिस्किटं, मग आजींनी हात धरून सांगितलं, पुढच्या वेळी आलीस की तूच बोल. आमच्याकडे बायांनी संदेश देणं आता नवीन राहिलं नाही, पण त्याची सुरुवात व्यासपीठावर झाली नाही. बायबलबाया असायच्या, ज्या घरोघरी जाऊन माजघरात बसून वचन वाचून दाखवायच्या, जिथे कुठल्याही पाद्र्याला उंबरा ओलांडता येत नव्हता. त्यांच्या बोलण्याची टिपणं कोणी ठेवली नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवार, गिरगाव आणि चौपाटी

आजचा दिवस मी मुद्दाम मोकळा ठेवला होता. ताई ऑफिसला, मी एकटी. चर्नी रोडला उतरून आधी गिरगावातली गल्लीबोळं, आंब्रोळी चर्चच्या बाजूने. जॉन विल्सन हे १८२९ ला मुंबईत आले, आधी कोकणात हर्णै बाणकोटला राहून मराठी शिकले आणि मग पुढची जवळजवळ पंचेचाळीस वर्षं या शहरात घालवली, १८७५ ला इथेच गेले. विल्सन कॉलेज त्यांच्याच शाळेतून वाढलेलं. पण मला त्यांच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. विल्सनसाहेबांनी नुसता उपदेश केला नाही, समोरच्याला उत्तर द्यायला बोलावलं. १८३०-३१ मध्ये मुंबईत जाहीर वादसभा भरल्या, मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माची बाजू मांडली आणि ती छापली, विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिलं. पुढे पारशी मंडळींशीही असेच वाद झाले. युरोपात पुलपिटावरच्या माणसाला मधेच थांबवून असं कसं म्हणता म्हणायची सोय नव्हती. मुंबईत ती होती आणि लोकांनी ती पुरेपूर वापरली.

तिथून चालत चौपाटी. सकाळी साडेदहाचं ऊन, वाळू गरम, समोर विल्सन कॉलेजची दगडी इमारत, १८८९ ची. भेळवाल्यांचे स्टॉल अजून बंद होते. मी पाण्याच्या कडेपर्यंत गेले, चप्पल हातात घेऊन, कारण मला ती जागा पायाखाली हवी होती.

१८५७ साल. उत्तरेत उठावाचं वर्ष. आणि इथे, या बॅक बेच्या किनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद चाललेत. विष्णुबुवा म्हणजे मूळचे विष्णु भिकाजी गोखले, कुलाबा जिल्ह्यातले, सप्तशृंगीवर तप करून आलेले, आणि मुंबईत त्यांच्या व्याख्यानांना तुफान गर्दी व्हायची. मिशनऱ्यांच्या प्रत्येक मुद्द्याला ते तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. हे वाद समुद्रकाठी भरले कारण एवढी माणसं मावतील अशी दुसरी जागाच नव्हती. मिशनऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांत आमचे बोवेन होते, आणि या वादांचा वृत्तांत इंग्रजीत छापला तोही बोवेन यांनीच. विचार करा, स्वतःवर झालेल्या टीकेसकट दोन्ही बाजू छापायच्या. विष्णुबुवांनी पुढे १८५९ ला वेदोक्त धर्मप्रकाश लिहिला.

मी ख्रिस्ती आहे, माझं मन कोणत्या बाजूला असणार हे उघड आहे. तरी मला विष्णुबुवांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांच्यासारखा ऐकणारा समोर नसता तर मराठी उपदेशकाला आपल्या वाक्यामागचं कारण द्यायची सवय लागली नसती. तयार श्रोत्यासमोर वाट्टेल ते खपतं. चौपाटीवर खपत नव्हतं.

आणि गंमत बघा, आदल्या दिवशी ऐकलेला मत्तय १३ कुठे घडतो, समुद्रकाठी. गर्दी एवढी की प्रभू येशू मचव्यात जाऊन बसले आणि सगळे लोक किनाऱ्यावर उभे राहिले. तिथेही बोलणारा बसलेला, ऐकणारे उभे. पाण्यावरून आवाज चांगला पोचतो हे कोळ्यांना विचारलं तर तेही सांगतील.

याच चौपाटीच्या परिसरात पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला शारदा सदन उघडलं. रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर गावोगाव पुराण सांगत फिरलेल्या, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, आणि चारचौघांत उभं राहून बोलण्याचा त्यांचा अधिकार कोणी त्यांना दिलेला नव्हता, तो त्यांच्या तोंडी पाठ असलेल्या हजारो श्लोकांतून आलेला होता. बायकांच्या उपदेशाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यासमोर आधी त्याच येतात.

परतताना प्रार्थना समाजाच्या मंदिरावरून गेले. समाज १८६७ चा. भजन, प्रार्थना, मग संतवचनावर उपदेश, असा साप्ताहिक उपासनेचा क्रम. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर इथे तुकोबांचा अभंग घेऊन बोलायचे, रानड्यांची धर्मपर व्याख्यानं तर पुस्तकरूपाने छापलेली आहेत. एक वचन घ्यायचं, ते उलगडायचं आणि ऐकणाऱ्याच्या जगण्याला लावायचं, ही चर्चमधली रीत इथे हिंदू सुधारकांनी आपल्या ग्रंथांवर वापरली, आणि त्याच काळात तिकडे ख्रिस्ती मंडळी कीर्तन उचलत होती. मैल दोन मैलांच्या आत दोन्ही. हे मुंबईतच होऊ शकतं असं मला वाटतं.

मंगळवार, मंडपेश्वर

आत्याच्या घरापासून रिक्षाने जवळच. बोरिवली पश्चिमेला माउंट पॉइन्सर, शिवाची कोरीव लेणी, आत नटराज. १६व्या शतकात पोर्तुगीज आल्यावर फ्रान्सिस्कन साधू अंतोनियो दो पोर्तो यांनी या लेण्याचंच चर्च केलं आणि वर टेकडीवर मठ विद्यालय बांधलं, त्याचे पडके अवशेष अजून डोक्यावर दिसतात. एका भिंतीवर मूळ शिल्प तासून त्यावर भलामोठा क्रूस कोरलाय. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. क्रूस माझ्या श्रद्धेचा आहे, पण तो ज्या पद्धतीने तिथे आला ती मला मान्य नाही, आणि हे मी आमच्या मंडळीतही बोलले आहे. तिथे दोनशे वर्षं जो उपदेश झाला तो सत्तेच्या छायेतला, ऐकणाऱ्याला उठून जाता येत नव्हतं. १७३९ ला मराठ्यांनी वसई घेतली आणि ते राज्य संपलं.

तरी त्या काळातही भाषेचा प्रश्न सुटलेला नव्हताच. कॅथलिकांची मिस्सा म्हणजे मुख्य उपासना लॅटिनमध्ये, पण उपदेश लोकांच्या बोलीत व्हावा हा नियम फार जुना. ८१३ साली फ्रान्समध्ये तूर शहरात बिशपांनी ठरवलं की उपदेश सामान्य माणसाच्या गावरान भाषेत व्हावेत म्हणजे सगळ्यांना कळतील. आणि इकडे गोव्यात १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयने उलटा हुकूम काढला की लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी. लोकांनी बोली सोडली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ ला, फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, गोव्यात मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं, दहा हजारांहून जास्त ओव्या, आणि त्यातच गोष्ट येते की नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी विचारलं, आमची पुराणं तुम्ही बंद केलीत तर आमच्यासाठी दुसरं पुराण का करत नाही. म्हणजे तिथेही मागणी ऐकणाऱ्याचीच.

दुपारी वांद्र्याला सेंट अँड्र्यूज, जेझुइटांचं, १५७५ चं. आवारात सतरा फुटी दगडी क्रूस आहे, एका दगडात, सगळीकडून प्रभूच्या दुःखसहनाच्या खुणा कोरलेल्या, खिळे, हातोडा, शिडी, कोंबडा, फासे. वाचता न येणाऱ्या माणसासमोर उभं करायचं आणि एकेका खुणेवर बोट ठेवून गोष्ट सांगायची, एवढी सोय त्यात आहे. फोटो काढले आणि निघालो, ऊन फार होतं.

बुधवार, माहीम

आत्याच्या बिल्डिंगमधल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातल्या, मावशी दर बुधवारी माहीमला नोव्हेनाला म्हणजे मागणीच्या प्रार्थनेला जातात, त्यांनीच सोबत नेलं. सेंट मायकल्स, मुंबईतल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी एक, आताची इमारत १९७३ ची. बुधवारचा नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि दिवसभर वेगवेगळ्या भाषांत असतो, मराठीतही. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला ठेवलेली, ज्याची जी मागणी असेल तसं घ्यायचं. रांगेत ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळे.

मराठी नोव्हेनाला जागा मिळाली ती खांबाच्या आडोशाला. फादरांचं प्रवचन छोटं, एका आजारी मुलाच्या आईबद्दल, शुभवर्तमानातली कनानी बाई घेऊन, जी प्रभूशी चक्क वाद घालते आणि आपलं म्हणणं मिळवते. मधेच फादर वेदीवरून खाली उतरले, बाकांमधून चालत आले आणि विचारलं, ती बाई गप्प बसली असती तर? मागून एका बाईने मोठ्याने उत्तर दिलं, पोरगी बरी झाली नसती. त्या बाईच्या कपाळावर कुंकू होतं.

कॅथलिक चर्चमध्ये प्रवचनाला हे स्थान मिळालं ते अलीकडे. १५४६ ला ट्रेंटच्या परिषदेने रविवारी उपदेश करणं धर्मगुरूंचं कर्तव्य ठरवलं होतं, पण ते मिस्सेपासून वेगळंच समजलं जायचं. डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेवरचा दस्तऐवज काढला, त्यात प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे, रविवारी गंभीर कारणाशिवाय ते टाळू नये असं आलं आणि स्थानिक भाषांना दार उघडलं. बरोबर एक वर्षाने, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे मुंबईतच आले होते, युखारिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी. मावशींना ते दिवस आठवतात, त्या लहान होत्या, आईबरोबर गर्दीत उभ्या राहिलेल्या. त्यांच्या आईला लॅटिन मिस्सेतलं अक्षर कळायचं नाही, ती तेवढा वेळ माळ जपायची आणि फादर आपल्या भाषेत बोलायला लागले की माळ थांबवून मान वर करायची.

परतीच्या लोकलमध्ये लांबीवरून मावशींची आणि माझी चांगलीच जुंपली. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ ला सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांच्या वर जाऊ नये, नाहीतर लोक झोपतात, आणि मावशींना ते शंभर टक्के पटलेलं. मला नाही पटत. चौथ्या शतकात अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोम बोलायचे तेव्हा लोक चर्चमध्ये टाळ्या वाजवायचे, ते चिडून सांगायचे की टाळ्या नकोत, आचरण हवं, आणि लोक त्यालाही टाळ्या वाजवायचे. ३८७ साली शहरात नव्या करावरून दंगल होऊन सम्राटाचे पुतळे फोडले गेले, शिक्षेच्या भीतीने गाव गारठलं होतं, तेव्हा त्या माणसाने उपवासकाळभर बोलून लोकांना धीर दिला. ते आठ मिनिटांत झालं नसतं. आणि आमच्याकडचं कीर्तन तर दोन तास चालतं, कोणी उठत नाही. मावशी म्हणाल्या, अगो तिथे पेटी असते, म्हणून. यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही, पण बोरिवली येईपर्यंत आम्ही दोघी बोलतच होतो.

अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या आवारात १५७९ चं सेंट जॉन बॅप्टिस्टचं पडकं चर्च आहे, १८४० च्या सुमाराला साथीत गाव उठून गेलं आणि ते ओस पडलं. मे महिन्यात वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, तेव्हा आत जाता येतं. मावशींनी मला आत्ताच सांगून ठेवलंय की मे मध्ये यायचं, डबा घेऊन, आणि टोपी विसरायची नाही कारण वर छप्पर नाही.